बायबलचा अर्थ कसा लावायचा? ख्रिस्ती अर्थपरंपरा आणि विज्ञान

बायबलमधील यहोशवाच्या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात, ऐन लढाईत यहोशवा सूर्याला गिबोनावर आणि चंद्राला अयालोनाच्या खोऱ्यावर स्थिर राहायला सांगतो, आणि शत्रूचा पाडाव होईपर्यंत सूर्य मध्य आकाशात थांबून राहिला, असे तेथे लिहिले आहे. ख्रिस्ती वाचकांनी हे वाक्य शतकानुशतके देवाच्या सामर्थ्याची साक्ष म्हणून वाचले. सोळाव्या शतकात, पृथ्वीच सूर्याभोवती फिरते असे मांडणारे गणित पुढे आल्यावर, याच वाक्याकडून खगोलशास्त्राच्या प्रश्नाचे उत्तर मागितले जाऊ लागले आणि तेथून एक प्रदीर्घ वाद सुरू झाला.

बायबल आणि विज्ञान यांविषयीची बहुतेक चर्चा ‘दोहोंपैकी खरे कोण’ या प्रश्नाने सुरू होते. त्याआधी दुसरा एक प्रश्न सोडवावा लागतो, असे मला ठामपणे वाटते: समोरचा मजकूर कोणत्या प्रकारचा आहे, आणि त्याच्या लेखकाला त्यातून काय शिकवायचे आहे? बायबल ईश्वरप्रेरित आहे, हे या वादातील बहुतेक ख्रिस्ती पक्षांना सारखेच मान्य आहे. त्यांचे मतभेद आहेत ते या प्रेरित मजकुराने नेमके कशाविषयी विधान केले आहे, याबद्दल.

मुळात बायबल हा एकाच लेखकाचा ग्रंथ नव्हे. प्रोटेस्टंट परंपरेत त्यात ६६ पुस्तके आहेत, कॅथलिक परंपरेत ७३, आणि ऑर्थोडॉक्स परंपरेत त्याहूनही काही अधिक. ती अनेक शतकांच्या काळात, इब्री, थोड्या भागात अरामी आणि ग्रीक या भाषांत लिहिली गेली. त्यांत इतिहास आहे, कायदे आहेत, वंशावळी, प्रार्थना, प्रेमकाव्य, पत्रे आणि दृष्टान्तही आहेत. यशयाच्या पुस्तकात रानातील झाडे टाळ्या वाजवतात, तेव्हा झाडांना हात असतात का, असे कोणी विचारत नाही. येशूने सांगितलेल्या दाखल्यांतील माणसे प्रत्यक्षात होऊन गेली का, याने त्या दाखल्यांच्या अर्थात फरक पडत नाही. अडचण येते ती ज्या भागांचा साहित्यप्रकार असा उघड दिसत नाही तेथे, आणि त्यांत सर्वांत महत्त्वाचे आहेत उत्पत्तीच्या पुस्तकाचे पहिले अकरा अध्याय: सृष्टीची निर्मिती, आदाम आणि हव्वा, नोहाच्या काळचा जलप्रलय, बाबेलचा बुरूज.

हे अध्याय लक्षपूर्वक वाचणाऱ्याला काही गोष्टी लगेच जाणवतात. पहिल्या अध्यायात प्रकाश पहिल्या दिवशी निर्माण होतो आणि सूर्य चौथ्या दिवशी, तरीही पहिल्या तीन दिवसांना संध्याकाळ आणि सकाळ आहे. त्या अध्यायात वनस्पती, मग प्राणी आणि शेवटी मानव असा क्रम आहे. दुसऱ्या अध्यायातील कथेत मात्र आधी पुरुष घडवला जातो, नंतर बाग लावली जाते, मग प्राणी येतात आणि शेवटी स्त्री. या गोष्टी टीकाकारांनी अलीकडे शोधून काढल्या, असा समज अनेकांचा असतो. परंतु तिसऱ्या शतकातील ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानानेच विचारले होते की सूर्य नसताना संध्याकाळ आणि सकाळ झाली, हे कोणता विचारी माणूस जसेच्या तसे घेईल? असे तपशील मजकुरातच अशासाठी पेरले आहेत की वाचकाने शब्दांच्या पृष्ठभागावर न थांबता खोल अर्थाकडे जावे, असे त्याचे म्हणणे होते. चौथ्या शतकातील बिशप बेसिल याचा कल उलट होता. सृष्टीच्या सहा दिवसांवरील प्रवचनांत त्याने रूपकांचा सोस असलेल्यांना सुनावले की गवत म्हटले की मी गवतच समजतो. म्हणजे शब्दशः वाचन की लाक्षणिक वाचन, हा वाद भूगर्भशास्त्र किंवा उत्क्रांतीचा मागमूसही नव्हता तेव्हापासून ख्रिस्ती मंडळीच्या आत चालत आलेला आहे.

या परंपरेत संत ऑगस्टीन (३५४–४३०) याचे स्थान सर्वांत मोठे आहे. उत्पत्तीच्या अर्थाकडे तो आयुष्यभर पुन्हा पुन्हा वळत राहिला. देवाने सर्व काही एकाच क्षणी निर्माण केले आणि सहा दिवस ही त्या कृतीची माणसाला समजेल अशी मांडणी आहे, असे त्याचे मत बनले. त्याचबरोबर त्याने एक कडक इशारा दिला. आकाश, ग्रहतारे, प्राणी यांविषयी ख्रिस्ती नसलेल्या लोकांनाही अनुभवाने आणि तर्काने पुष्कळ माहिती असते. अशा विषयांवर एखादा ख्रिस्ती माणूस शास्त्राचा, म्हणजे बायबलचा, हवाला देऊन निरर्थक बोलू लागला, तर ऐकणारे शास्त्रलेखालाच हसतील, आणि मग पुनरुत्थान व सार्वकालिक जीवन यांविषयी त्याच शास्त्रावर ते विश्वास कसा ठेवतील? येथे सावध राहिले पाहिजे: ऑगस्टीनला आजच्या अर्थाने उत्क्रांतिवादी ठरवणे चुकीचे आहे. मानवजातीला सहा हजार वर्षेही झालेली नाहीत, असेच तो मानत होता. त्याने मागे ठेवली ती एक वृत्ती: संदिग्ध वचनाच्या एकाच अर्थाला इतके चिकटू नये की पुढे सत्य उजेडात आल्यावर त्या अर्थाबरोबर आपणही कोसळू.

मध्ययुगात शास्त्रलेखाचे चार अर्थ मानण्याची पद्धत रूढ झाली. यरुशलेम म्हणजे इतिहासातील नगर, रूपकाने ख्रिस्ताची मंडळी, नीतीच्या अंगाने माणसाचा आत्मा आणि अंतिम आशेच्या अंगाने स्वर्गीय नगर, असे उदाहरण त्यासाठी दिले जाई. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने यांतील शाब्दिक अर्थ हाच बाकी सर्व अर्थांचा पाया असल्याचे ठासून सांगितले. पण त्याची शाब्दिक अर्थाची कल्पना आज आपण ‘शब्दशः’ म्हणतो त्याहून व्यापक होती. शास्त्रात देवाच्या बाहूचा उल्लेख येतो, तेव्हा देवाला शरीराचा अवयव आहे हा त्याचा शाब्दिक अर्थ नव्हे. त्या शब्दाने सुचवलेले देवाचे सामर्थ्य हाच शाब्दिक अर्थ होय. लेखकाला अभिप्रेत असलेला अर्थ तो शाब्दिक अर्थ, मग लेखकाने तो रूपकातून सांगितलेला का असेना. आजच्या बऱ्याच वादांत दोन्ही बाजू ‘शब्दशः’ हा शब्द वेगवेगळ्या अर्थाने वापरतात आणि एकमेकांशी बोलत असल्याच्या भ्रमात राहतात.

प्रोटेस्टंट पंथांना जन्म देणाऱ्या सोळाव्या शतकातील धर्मसुधारणेने रूपकांचा पसारा आवरून साध्या अर्थावर भर दिला. त्या चळवळीतील अत्यंत काटेकोर भाष्यकार जॉन कॅल्विन याने उत्पत्तीवरील भाष्यात, चंद्राला दोन ‘मोठ्या ज्योतीं’पैकी एक म्हटले आहे त्या वचनावर केलेले विवेचन आजही वाचण्यासारखे आहे. शनी चंद्रापेक्षा मोठा आहे असे खगोलशास्त्रज्ञ सिद्ध करतात, हे तो निःसंकोच मान्य करतो. उत्पत्तीचा पारंपरिक लेखक मोशे याने मात्र सामान्य माणसाला उघड्या डोळ्यांनी जे दिसते त्याच भाषेत लिहिले. ज्याला खगोलशास्त्र शिकायचे असेल त्याने दुसरीकडे जावे, असे त्याने म्हटले आहे. यामागील तत्त्व असे की माणसाशी बोलताना देव माणसाच्या आकलनाच्या पातळीवर उतरतो. आजचा खगोलशास्त्रज्ञदेखील घरी ‘सूर्य उगवला’ असेच म्हणतो, आणि त्यावरून कोणी त्याला अज्ञानी ठरवत नाही.

तरीही गॅलिलिओचे प्रकरण घडले, आणि त्याची गुंतागुंत समजून घेण्यासारखी आहे. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडणारा कोपर्निकसचा ग्रंथ १५४३ साली प्रसिद्ध झाला होता. त्यानंतर तीनच वर्षांनी, प्रोटेस्टंटांच्या आव्हानाला तोंड देत असलेल्या ट्रेंटच्या कॅथलिक महासभेने ठराव केला की श्रद्धा व नीतीच्या बाबतीत आद्य धर्मपित्यांच्या, म्हणजे पहिल्या काही शतकांतील मान्यवर ख्रिस्ती लेखकांच्या, एकमताविरुद्ध कोणीही शास्त्राचा अर्थ लावू नये. त्यामुळे गॅलिलिओपुढे प्रश्न केवळ ग्रहांच्या गतीचा राहिला नाही. शास्त्राचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा, हाही प्रश्न त्यात होता. १६१५ साली कार्डिनल बेलार्मिन यांनी फोस्कारिनी या धर्मगुरूला लिहिलेल्या पत्रात दोन्ही बाजू स्पष्ट दिसतात. पृथ्वी फिरते याचा खरा पुरावा मिळालाच, तर विरुद्ध दिसणाऱ्या वचनांचा अर्थ फार काळजीपूर्वक लावावा लागेल, आणि सिद्ध झालेली गोष्ट खोटी म्हणण्यापेक्षा आपल्याला त्या वचनांचा अर्थ कळला नाही असे म्हणावे लागेल, हे त्यांनी मान्य केले. पण असा पुरावा आहे यावर त्यांचा विश्वास नव्हता. शिवाय, हा विषय श्रद्धेचा नाही हे उत्तर त्यांना मान्य नव्हते. अब्राहामाला दोन मुलगे होते हेही तारणासाठी आवश्यक नसलेले तपशील आहेत. तरी ते पवित्र आत्म्याने सांगितले असल्यामुळे नाकारता येत नाहीत, असा त्यांचा युक्तिवाद होता. बेलार्मिन यांना आंधळा विरोधक म्हणून बाजूला सारणे सोपे आहे, पण हा युक्तिवाद आजही जसाच्या तसा केला जातो आणि त्याला उत्तर द्यावेच लागते.

गॅलिलिओने त्याच वर्षी ग्रँड डचेस क्रिस्टिना यांना लिहिलेल्या दीर्घ पत्रात ऑगस्टीनचा आधार घेतला आणि एका धर्मश्रेष्ठीचे वचन उद्धृत केले: स्वर्गाला कसे जावे हे पवित्र आत्मा शिकवतो, आकाश कसे चालते हे नव्हे. मात्र तो स्वतः या सूत्रावर पूर्णपणे टिकला नाही. यहोशवाच्या वचनाचा शब्दशः अर्थ घेतला तरी तो जुन्या पृथ्वीकेंद्री रचनेपेक्षा कोपर्निकसच्या रचनेतच अधिक नीट बसतो, असेही त्याने दाखवण्याचा प्रयत्न केला. म्हणजे शास्त्रलेख खगोलशास्त्र शिकवत नाही असे म्हणत असतानाच, तो आपल्या खगोलशास्त्राला शास्त्राची साक्ष मिळवून देत होता. पुराव्याच्या बाबतीतही त्याची बाजू तेव्हा अपुरी होती: भरती-ओहोटीवरून त्याने मांडलेला मुख्य युक्तिवाद चुकीचा ठरला, आणि पृथ्वीच्या भ्रमणामुळे ताऱ्यांच्या स्थानात दिसणारा सूक्ष्म फरक १८३८ साली बेसेलने मोजला. यामुळे १६३३ च्या खटल्याचे समर्थन होत नाही. एका वृद्ध संशोधकाला शपथपूर्वक आपले मत सोडायला लावून आयुष्यभर नजरकैदेत ठेवणे हा अन्यायच होता, आणि १९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी तत्कालीन धर्मपंडितांची चूक जाहीरपणे मान्य केली.

त्यानंतरचे आव्हान काळाच्या मोजमापातून आले. १६५० साली आर्चबिशप अशर यांनी बायबलमधील वंशावळींची बेरीज करून आणि इतर प्राचीन इतिहासाशी ती जुळवून निर्मितीचे वर्ष इसवी सन पूर्व ४००४ असे ठरवले. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून खडकांच्या थरांच्या अभ्यासातून पृथ्वी याहून कितीतरी जुनी असल्याचे दिसू लागले. हा अभ्यास करणाऱ्यांत धर्मगुरूही होते. त्यांपैकी केंब्रिजचे प्राध्यापक ॲडम सेजविक यांनी १८३१ साली लंडनच्या भूगर्भशास्त्र संस्थेपुढे, वरवरच्या गाळाचे थर नोहाच्या जलप्रलयाचे अवशेष असल्याचे आपले पूर्वीचे मत जाहीरपणे मागे घेतले. उत्पत्तीचा पहिला अध्याय या नव्या काळगणनेशी जुळवण्यासाठी दोन वाटा निघाल्या. स्कॉटिश पाळक थॉमस चाल्मर्स यांनी पहिल्या आणि दुसऱ्या वचनांच्या दरम्यान अनिश्चित कालखंड मानला, तर इतरांनी प्रत्येक दिवस म्हणजे एक युग असे धरले. तिसरी, अगदी टोकाची वाट १८५७ साली निसर्ग-अभ्यासक फिलिप गॉस यांनी सुचवली: देवाने पृथ्वी जीवाश्मांसह, जुनी दिसेल अशीच घडवली. या कल्पनेला विज्ञानाने खोटे पाडणे शक्यच नव्हते. तिच्यावरचा खरा आघात चार्ल्स किंग्जली या धर्मगुरूने केला, आणि तो धर्माच्याच भूमिकेतून केला. देवाने खडकांवर एक प्रचंड आणि अनावश्यक असत्य लिहून ठेवले, यावर माझा विश्वास बसत नाही, असे त्यांनी गॉसना कळवले. निसर्ग आणि शास्त्र हे एकाच देवाचे दोन ग्रंथ आहेत, या जुन्या ख्रिस्ती शिकवणीचे इतके प्रामाणिक उपयोजन क्वचितच आढळते.

डार्विनचा ग्रंथ १८५९ साली आला, तेव्हा ख्रिस्ती जग एका बाजूला उभे राहिले, असे चित्र रंगवले जाते. प्रत्यक्षात मते विभागलेली होती. अमेरिकेत डार्विनचा आघाडीचा पुरस्कर्ता एसा ग्रे हा वनस्पतिशास्त्रज्ञ श्रद्धावान प्रेस्बिटेरियन होता. प्रिन्स्टनचे धर्मपंडित चार्ल्स हॉज यांनी १८७४ मध्ये डार्विनवाद म्हणजे नास्तिकवाद असा निष्कर्ष काढला, कारण त्यात सृष्टीमागील हेतूच नाकारला आहे असे त्यांना वाटले. त्याच प्रिन्स्टनमधील बी. बी. वॉरफिल्ड हे बायबलच्या निर्दोषत्वाचे सर्वांत समर्थ प्रवक्ते होते, आणि तरीही देवाच्या नियंत्रणाखालील उत्क्रांतीची शक्यता त्यांनी खुली ठेवली. शास्त्राविषयीचा उच्च आदर आणि पृथ्वीचे अल्प वय ही जोडी अपरिहार्य नाही, हे वॉरफिल्ड यांच्या उदाहरणावरून दिसते.

सहा दिवस म्हणजे चोवीस तासांचे दिवस, पृथ्वीचे वय काही हजार वर्षे आणि बहुतेक खडकांचे थर एका जागतिक जलप्रलयात तयार झालेले, ही आजची बाल-पृथ्वीवादी मांडणी मुख्यतः विसाव्या शतकात घडली. शाळेत उत्क्रांती शिकवल्याबद्दल चाललेल्या १९२५ च्या टेनेसीतील प्रसिद्ध स्कोप्स खटल्यात उत्क्रांतीविरोधी बाजूचे नेते विल्यम जेनिंग्ज ब्रायन यांनीही निर्मितीचे दिवस चोवीस तासांचेच होते असा आग्रह धरला नव्हता. १९६१ साली व्हिटकोम आणि मॉरिस यांच्या जलप्रलयावरील पुस्तकानंतर ही मांडणी इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलच्या अधिकारावर विशेष भर देणाऱ्या प्रोटेस्टंट, मंडळ्यांत वेगाने पसरली. तिच्या समर्थकांची कारणे नीट ऐकली पाहिजेत. निर्गमच्या विसाव्या अध्यायात आठवड्याच्या विश्रांतीची आज्ञाच निर्मितीच्या सहा दिवसांवर आधारली आहे. येशूने विवाहाविषयी बोलताना आदाम-हव्वेच्या कथेचा आधार घेतला. आणि पापामुळे जगात मरण आले असे येशूचा प्रेषित पौल लिहितो, तर पापाआधी कोट्यवधी वर्षे प्राणी मरत होते हे कसे मानायचे? हे प्रश्न खरे आहेत. पण त्यांच्या बळावर पृथ्वीचे वय सुमारे ४५४ कोटी वर्षे ठरवणारा किरणोत्सर्गी मूलद्रव्यांचा पुरावा, आणि काही हजार वर्षांचे वय अशक्य ठरवणारा बर्फाच्या थरांचा व दूरच्या ताऱ्यांच्या प्रकाशाचा पुरावा बाजूला सारता येत नाही, असे माझे मत आहे. शिवाय पौल माणसांच्या मरणाविषयी बोलत आहे की सर्व प्राण्यांच्या, हे त्या वचनातच खुले राहते.

एकोणिसाव्या शतकात आणखी एक शोध लागला, आणि माझ्या दृष्टीने उत्पत्तीच्या अर्थासाठी तो डार्विनपेक्षा महत्त्वाचा आहे. निनवेच्या अवशेषांतील मातीच्या पाट्यांवर जॉर्ज स्मिथ यांना १८७२ साली बॅबिलोनी जलप्रलयाची कथा सापडली आणि १८७६ साली त्यांनी निर्मितीकथाही प्रसिद्ध केल्या. उत्पत्तीच्या पहिल्या वाचकांच्या भोवती कोणत्या कल्पना वावरत होत्या, हे त्यामुळे कळले. बॅबिलोनी कथेत देवांचा संग्राम होतो, मारलेल्या देवतेच्या देहातून आकाश आणि पृथ्वी घडतात, आणि देवांचे कष्ट वाचावेत म्हणून माणूस निर्माण होतो. ही पार्श्वभूमी ठेवून उत्पत्ती वाचली की तिचा रोख कोठे आहे ते दिसते. तेथे युद्ध नाही. एकच देव केवळ शब्दाने निर्मिती करतो. ज्यांची पूजा होत असे त्या सूर्य-चंद्रांना नावानेही न उल्लेखता फक्त मोठी आणि लहान ज्योत म्हटले आहे. माणूस गुलाम म्हणून घडत नाही. स्त्री-पुरुष दोघेही देवाच्या प्रतिमेत घडतात. पहिल्या तीन दिवसांत प्रकाश, आकाश व समुद्र आणि भूमी ही क्षेत्रे तयार होतात, पुढच्या तीन दिवसांत त्याच क्रमाने ज्योती, पक्षी व मासे आणि भूचर त्यांत भरले जातात. अशी जाणीवपूर्वक रचना असलेल्या मजकुराकडून भूगर्भशास्त्राची कालानुक्रमणिका मागणे म्हणजे त्याला जे सांगायचे आहे ते न ऐकणे होय. कॅथलिक ख्रिस्तसभेने १९४३ मध्ये अशा साहित्यप्रकारांच्या अभ्यासाला अधिकृत प्रोत्साहन दिले, आणि दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने १९६५ मध्ये म्हटले की देवाने आपणा माणसांच्या तारणासाठी जे सत्य लिहून ठेवावे असे इच्छिले, ते शास्त्रलेख निर्दोषपणे शिकवतो.

विज्ञानाशी घाईने जुळवून घेण्याचा धोकाही तितकाच खरा आहे. विश्वाचा प्रसार आणि त्याचा एका आदिम अवस्थेतून झालेला उगम यांचा सिद्धान्त मांडणारे जॉर्ज लमेत्र हे स्वतः बेल्जियन धर्मगुरू होते. १९५१ साली पोप बारावे पायस यांनी या सिद्धान्तात निर्मितीच्या शिकवणीला दुजोरा मिळतो असे सूचित केले, तेव्हा लमेत्र अस्वस्थ झाले. वैज्ञानिक सिद्धान्त उद्या बदलू शकतो, आणि त्याला श्रद्धेचा पुरावा बनवले तर दोहोंची हानी होते, ही त्यांची भूमिका होती. प्रत्येक नवा शोध बायबलमध्ये आधीच लिहिलेला होता असे दाखवणाऱ्या व्याख्यानांबद्दलही हेच म्हणावे लागेल.

सर्वांत कठीण प्रश्न आज आदामाचा आहे. रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायात पौल एका माणसामुळे आलेले पाप आणि एका माणसामुळे, म्हणजे ख्रिस्तामुळे, मिळालेली कृपा यांची तुलना करतो, आणि आदिपापाची, म्हणजे आदामाच्या पापाचा वारसा सर्व माणसांकडे येतो ही, शिकवण तिच्यावर उभी आहे. दुसरीकडे, आजच्या माणसांतील जनुकीय विविधता पाहता मानवजात काही हजार वर्षांपूर्वीच्या केवळ एका जोडप्यापासून आली असे मानणे जवळजवळ अशक्य आहे. काही ख्रिस्ती अभ्यासक आदाम आणि हव्वा यांना देवाने मोठ्या समूहातून निवडलेले खरे प्रतिनिधी मानतात, काही त्यांच्याकडे प्रत्येक माणसाची कथा म्हणून पाहतात, आणि काहींना या दोन्ही वाटांनी पौलाचा युक्तिवाद दुबळा होतो असे वाटते. १९५० साली पोप बारावे पायस यांनी मानवी देहाच्या उत्क्रांतीवर संशोधनाची मुभा दिली, पण अनेक आद्य मातापित्यांची कल्पना आदिपापाशी कशी जुळेल हे दिसत नाही, असेही लिहिले. त्या अडचणीवर सर्वमान्य उत्तर अजून निघालेले नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो: सहा दिवस लाक्षणिक मानले, तर येशूचे पुनरुत्थानही लाक्षणिक का नव्हे? याचे उत्तर पुन्हा मजकुराच्या प्रकारातच शोधावे लागते. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पौल आपल्या हयातीतील घटनेविषयी लिहितो, साक्षीदारांची नावे घेतो, पाचशेंहून अधिक बांधवांना एकाच वेळी झालेल्या दर्शनाचा उल्लेख करतो आणि त्यांतील बहुतेक अजून जिवंत आहेत असे सांगतो. ख्रिस्त उठला नसेल तर आपला विश्वास व्यर्थ आहे, असेही तो स्वतःच लिहितो. हे विधान कोणी खरे मानो वा न मानो, पौलाला ते घडलेल्या घटनेचे विधान म्हणूनच करायचे आहे, याबद्दल शंका उरत नाही. निसर्गाच्या नियमित व्यवहाराचा अभ्यास करणारे विज्ञान असे सांगू शकते की मेलेली माणसे सहसा उठत नाहीत. ते पहिल्या शतकातील लोकांनाही ठाऊक होते, आणि म्हणूनच त्यांनी या घटनेला देवाची कृती म्हटले.